लाईट गेली, अपडेट अर्धवट राहिलं, देबियन बूट होईना. टाइमशिफ्ट रीस्टोअर करू का?

वाचनालयवाली | सोमवार, दुपारी १२.५०

नमस्कार मंडळी. मी एका तालुक्याच्या गावी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. आमची देवघेव कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरवर चालते. देबियन १२ (लिनक्स), साधा डेस्कटॉप आणि तोच सर्व्हर. आज सकाळी नेहमीचं ॲप्ट अपडेट (देबियनची पॅकेजं ताजी करणं) चालू असताना लाईट गेली, यूपीएसने लगेच मान टाकली. पाच मिनिटांनी लाईट आली, परत गेली, परत आली.

आता नवा कर्नल (सिस्टिमचा गाभा) निवडला की "रूट फाइलसिस्टीम माउंट करता येत नाही" असं पॅनिक येतं. मधे एकदा एफएससीके (डिस्कवरची फाइलसिस्टीम तपासून दुरुस्त करणारी) आपोआप चालली आणि बरंच काही दुरुस्त केल्याचं स्क्रीनवर सरकत गेलं. फोटो काढलाय, पण वाचण्यासारखा नाही.

हाताशी काय आहे ते सांगते. दुसऱ्या डिस्कवर टाइमशिफ्ट दर आठवड्याला सिस्टिमचा स्नॅपशॉट (तेव्हाची प्रत) घेतं, आरसिंक मोडमध्ये, म्हणजे फाइली कॉपी करून. शेवटचा गेल्या सोमवारचा. कोहाचा रोजचा डम्प (डेटाबेसची एका फाइलीत उतरवलेली प्रत) त्याच मशीनवर पडतो. याशिवाय एक बाहेरची हार्ड डिस्क आहे, तिच्यावर गेल्या महिन्यातला डम्प.

परीक्षेचे दिवस आहेत, काउंटरवर रांग आहे. तूर्त वहीत लिहून पुस्तकं देतोय. टाइमशिफ्ट रीस्टोअर मारू का सरळ?

---

शून्य_एक | सोमवार, दुपारी १.०५

ताई, आधी जुना कर्नल बघा. मशीन सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून धरा, ग्रबचा (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या बूटलोडरचा) मेनू येईल, त्यात "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स". इनिटरॅमएफएस (कर्नलला सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) अर्धवट लिहिली गेली असेल तर फक्त नवाच कर्नल बिघडलेला असतो, जुना सुरळीत उठतो.

तो नाही उठला तर लाइव्ह यूएसबी (पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स), त्यात टाइमशिफ्ट, गेल्या सोमवारचा स्नॅपशॉट, रीस्टोअर. चहा होईस्तोवर काम होतं.

---

कोकणकडा | सोमवार, दुपारी १.२०

माझं मत वेगळं. एफएससीके एवढं बडबडली म्हणजे कुठली फाइल धड आहे आणि कुठली नाही हे कुणी सांगू शकत नाही. अशा सिस्टिमला डागडुजी करत बसण्यापेक्षा नवं देबियन टाका, कोहा टाका, डम्प आत ओढा. मी लोकांची मशीनं सांभाळतो, आणि अर्धवट दुरुस्त केलेली मशीनं महिन्याभराने परत माझ्याकडेच येतात.

---

टर्मिनलकाका | सोमवार, दुपारी १.३२

वाचनालयवाली ताई, कृपया रीस्टोअरचं बटण दाबू नका. शून्य_एकचा सल्ला नव्वद टक्के मशीनवर बरोबर आहे, तुमच्या मशीनवर घात करेल.

टाइमशिफ्ट डीफॉल्टने होम सोडून सगळी रूट सांभाळतं. त्या "सगळी"मध्ये /व्हार सुद्धा येतं. तुमचा मारियाडीबीचा, म्हणजे कोहाच्या डेटाबेसचा, डेटा कुठे? /व्हार/लिब/मायएसक्यूएल. कोहाचे रोजचे डम्प कुठे? /व्हार/स्पूल/कोहा. रीस्टोअर करताना टाइमशिफ्ट फक्त जुन्या फाइली परत ठेवून थांबत नाही, स्नॅपशॉटमध्ये नसलेल्या फाइली पुसूनही टाकतं. म्हणजे डेटाबेस आठवडाभर मागे जाणार, आणि तो भरून काढायला जे डम्प वापरायचे तेही त्याच झटक्यात गेलेले असणार. परीक्षेच्या आठवड्याची देवघेव गायब. कुणाकडे कोणतं पुस्तक आहे, हे मग पोरांच्या प्रामाणिकपणावर.

त्यात आणखी एक ग्यानबाची मेख: चालू डेटाबेसच्या फाइलींची आरसिंकने घेतलेली कॉपी एका क्षणाची नसते. एक फाइल सकाळी १०.०१ ची, दुसरी १०.०४ ची. त्यामुळे स्नॅपशॉटमधला मारियाडीबी उठेलच याचीही खात्री नाही.

तेव्हा क्रम असा.

डिस्क शारीरिकदृष्ट्या ठीक आहे का ते आधी. लाइव्ह यूएसबीवरून स्मार्टसीटीएल चालवा आणि रीॲलोकेटेड (खराब म्हणून बदललेल्या) व पेंडिंग (संशयित) सेक्टरचे आकडे इथे टाका. पेंडिंग शून्य नसेल तर पुढे काहीही न करता डीडीरेस्क्यूने अख्ख्या डिस्कची प्रतिमा घ्यायची आणि उरलेलं काम त्या प्रतिमेवर.

मग रूट विभाजन फक्त वाचण्यासाठी माउंट करायचं. नुसतं "आरओ" पुरत नाही, कारण एक्सट४ (तुमच्या डिस्कची फाइलसिस्टीम) त्यातही जर्नल (अर्धवट राहिलेल्या लिखाणाची नोंद) परत खेळवते आणि डिस्कवर लिहिते. "आरओ, नोलोड" द्या.

आणि मग बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या: /व्हार/स्पूल/कोहा, /व्हार/लिब/मायएसक्यूएल अख्खं, /ईटीसी अख्खं, /व्हार/लॉग/ॲप्ट. आरसिंकला न्यूमेरिक-आयडीज हा पर्याय द्यायला विसरू नका. लाइव्ह यूएसबीतल्या वापरकर्त्यांचे क्रमांक तुमच्या मशीनपेक्षा वेगळे असतात. नावाने जुळवायला गेलं तर मायएसक्यूएलच्या फाइली भलत्याच्याच मालकीच्या होतात.

बाहेरची डिस्क कोणत्या फॉरमॅटची आहे?

---

वाचनालयवाली | सोमवार, दुपारी २.१०

बापरे. बरं झालं विचारलं.

जुना कर्नल बघितला. तोही पॅनिक होतो, पण संदेश वेगळा: "इनिटला मारण्याचा प्रयत्न झाला" अशा अर्थाचा.

बाहेरची डिस्क विंडोजवर वापरतात तशी आहे, एक्सफॅट.

---

टर्मिनलकाका | सोमवार, दुपारी २.१८

एक्सफॅटवर मालकी, परवानग्या, सिमलिंक यातलं काहीच टिकत नाही. सुट्या फाइली तशा टाकल्या तर परत आणताना रडाल. टार करून एकाच फाइलीत बांधा, मालकी टारच्या पोटात राहते. टारलाही न्यूमेरिक-ओनर द्या.

याच कारणाने लोकांची अख्खी सिस्टिम पेनड्राइव्हवर "कॉपी" केलेली असते आणि परत टाकल्यावर सूडो (रूट, म्हणजे मुख्य वापरकर्त्याच्या अधिकाराने आदेश चालवणारा) सांगतं की माझा मालक रूट नाही आणि सेटयूआयडी बिट (मालकाच्या अधिकाराने चालण्याची खूण) नाही, मी चालणार नाही. फाइल जागेवर असते, वजनही तेवढंच असतं, उपयोग शून्य.

---

डब्लिनकर | सोमवार, दुपारी २.४०

काका +१.

अवांतर: आपल्याकडे बॅकअप आहे असं वाटणं आणि तो असणं यावरून गिटलॅब या कोड साठवणाऱ्या कंपनीची ३१ जानेवारी २०१७ ची गोष्ट आठवली. त्यांनी स्वतःच सगळं जाहीर लिहिलंय. मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी चुकून उडाली, जवळपास ३०० जीबी. मग बॅकअप बघायला गेले तर रोजचा पीजीडम्प (पोस्टग्रेस डेटाबेसचा डम्प) कित्येक दिवस होतच नव्हता, कारण डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ आणि डम्प घेणारा प्रोग्रॅम ९.२ चा. तो चूक दाखवून बंद पडत होता. चूक झाल्याच्या ईमेल जात होत्या, पण डीमार्कच्या (ईमेल खरी कुणाची हे तपासणाऱ्या) नियमात अडकून कुणापर्यंत पोचत नव्हत्या. शेवटी कामी आला तो सहाएक तासांपूर्वी चाचणी सर्व्हरसाठी सहज घेतलेला एलव्हीएम स्नॅपशॉट. तेवढ्या तासांचा डेटा गेला तो गेलाच.

ताई, डम्प सापडला की लगेच हुश्श करू नका. जीझिपची (दाबलेली फाइल धड आहे का याची) चाचणी घ्या आणि उघडून शेवटची ओळ बघा. "डम्प कम्प्लीटेड" आणि पुढे तारीख असेल तर तो पूर्ण झालेला. ती ओळ नसेल तर डम्प मधेच तुटलाय, फाइल कितीही मोठी दिसो.

---

शून्य_एक | सोमवार, दुपारी २.५५

काका, मान्य. माझ्या डोक्यात घरचा लॅपटॉप होता. बीटीआरएफएस फाइलसिस्टीमवर, सिस्टिमचा @ आणि होमचा @होम वेगळे, डेटाबेस वगैरे नाही.

पण स्नॅपशॉटवाल्यांनाही एक गोष्ट नडते, ती इथे नोंदवून ठेवतो. ऑगस्ट २०२२ मध्ये आर्च लिनक्सवर ग्रबचं अपडेट आलं होतं. नव्या ग्रबने बनवलेल्या कॉन्फिग फाइलीत फर्मवेअर सेटिंगचा आदेश एका नव्या पर्यायासह होता. ईएफआय विभाजनात (मशीन सुरू करण्यासाठी राखलेला डिस्कचा भाग) बसलेला ग्रब मात्र जुनाच, कारण पॅकेज अपडेट झालं तरी ग्रब-इन्स्टॉल आपोआप चालत नाही. जुन्याला तो पर्याय कळेना, तो सरळ आदेशच पाळायचा. परिणाम: मशीन सुरू केलं की थेट बायोसच्या पडद्यावर, परत सुरू केलं की परत तिथेच. एंडेव्हरवाल्या (आर्चवर बेतलेलं लिनक्स) नव्या लोकांची फार पंचाईत झाली होती.

आणि ज्यांचा कर्नल ईएफआय विभाजनातच राहतो त्यांची वेगळीच तऱ्हा. रूट मागे नेलं, पण ते विभाजन फॅट३२, ते स्नॅपशॉटमध्ये येतच नाही. मग कर्नल नवा आणि मॉड्यूल (कर्नलचे सुटे भाग) जुने. इतके की व्हीफॅटचं (फॅट३२ वाचणारं) मॉड्यूल सापडत नाही म्हणून /बूट माउंट होत नाही, आणि इमर्जन्सी मोड. म्हणजे रोलबॅक यशस्वी आणि मशीन बंद!

---

वाचनालयवाली | सोमवार, सायंकाळी ५.३०

लाइव्ह यूएसबीवरून लिहितेय, मोबाईलचं हॉटस्पॉट लावून.

डिस्क: रीॲलोकेटेड शून्य, पेंडिंग शून्य. डम्प सापडले, दोनच दिवसांचे आहेत, आजचा आणि शनिवारचा. आजचा सकाळी मशीन चालू झाल्यावर थोड्या वेळाने पडलेला दिसतोय. जीझिपची चाचणी पास, शेवटची ओळ आहे, आजची तारीख आहे. मधे उघडून पुस्तकांची मराठी नावंही वाचली, प्रश्नचिन्हं नाहीत.

पण लाईट जाईपर्यंत काउंटर सुरू होतं. डम्पनंतरची देवघेव त्यात नाही, बरोबर ना?

चारही गोष्टी टार करून बाहेर काढल्या. मग सीएच-रूट करून (लाइव्हमधून डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिरून) बघावं म्हटलं तर ते म्हणतं /बिन/बॅश नावाची फाइलच नाही. पण एलएस केलं तर बॅश समोर दिसतोय! लॉस्ट-अँड-फाउंडमध्ये (एफएससीके बेवारस फाइली टाकते तिथे) मात्र नुसत्या आकड्यांच्या नावाच्या ढीगभर फाइली आहेत.

---

टर्मिनलकाका | सोमवार, सायंकाळी ५.५२

शाब्बास. आता जीव भांड्यात पडला.

बॅशचं कोडं: बॅश आहे, पण त्याला मेमरीत चढवणारा लोडर, म्हणजे ग्लिबसी या पायाभूत पॅकेजमधला एलडी-लिनक्स, जागेवर नाही. कर्नल लोडर शोधतो, तो मिळत नाही, आणि तक्रार बॅशच्या नावाने करतो. तुमच्या जुन्या कर्नलचं पॅनिकही यामुळेच: इनिटलाही (सिस्टिमचा पहिला प्रोग्रॅम) तोच लोडर लागतो. अपडेटमध्ये लिबसी (म्हणजे हीच ग्लिबसी) होती का ते ॲप्टच्या हिस्टरी लॉगमध्ये दिसेल. कोहा होता का तेही त्यातच बघा, ते जास्त महत्त्वाचं.

नुसती डीपीकेजीची (पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रॅमची) स्टेटस फाइल बिघडली असती तर मी रीस्टोअर करूच दिलं नसतं. देबियन तिच्या प्रती /व्हार/बॅकअप्समध्ये आपण न सांगता ठेवतं. डीपीकेजी.स्टेटस.० जागेवर ठेवली, "कॉन्फिगर ऑल" चालवलं, ॲप्ट पुन्हा चालवलं की बहुतेक मशीनं उठतात. ही फाइल असते हे निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. पण तुमच्याकडे लिबसीच गेलीय आणि लॉस्ट-अँड-फाउंड भरलंय. तिथे हाताने फाइली जुळवत बसणं म्हणजे कापलेल्या पतंगामागे धावणं.

तेव्हा आता टाइमशिफ्ट वापरायचं. डेटा बाहेर आलाय, आता ते काय पुसतं याची फिकीर नाही. एफएससीके पुन्हा एकदा चालवून विभाजन स्वच्छ असल्याची खात्री करा. लाइव्हमध्ये ॲप्टने टाइमशिफ्ट टाका. बूटलोडरच्या पर्यायांत ग्रब पुन्हा बसवणं आणि इनिटरॅमएफएस ताजी करणं, दोन्ही टिकवा.

डम्पनंतरची देवघेव: डम्पमध्ये नाही, पण /व्हार/लिब/मायएसक्यूएलमध्ये असणार. इनोडीबी (मारियाडीबीचा डेटा साठवणारा भाग) अशा धक्क्यासाठीच रीडू लॉग (बदलांची नोंद) ठेवते, लाईट गेल्यावर स्वतः सावरते. म्हणून आधी ते फोल्डर परत ठेवून बघायचं. नाही उठलं तर डम्प आहेच.

---

कोकणकडा | सोमवार, सायंकाळी ६.१५

मी अजूनही नव्या इन्स्टॉलच्या बाजूने आहे, पण काकांच्या क्रमाला विरोध नाही. डेटा बाहेर असला की दोन्ही वाटा मोकळ्या.

एकच: रीस्टोअरऐवजी कुणी विभाजन फॉरमॅट करून नवं टाकलं तर त्याचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) बदलतो. मग जुन्या /ईटीसीमधली एफएसटॅब (बूट होताना काय काय माउंट करायचं त्याची यादी) जशीच्या तशी परत ठेवू नका. आणि स्वॅपचा जुना यूयूआयडी इनिटरॅमएफएसच्या रिझ्यूम सेटिंगमध्ये राहिला तर मशीन दर वेळी बूट होताना ताटकळत बसतं. लोक त्याला "डिस्क स्लो झाली" म्हणतात आणि नवी डिस्क विकत घेतात.

---

वाटसरू | सोमवार, रात्री ९.००

वाखु (वाचनखूण) साठवली. एक बाळबोध प्रश्न: हे सगळं लाईट जाण्यामुळे झालं. अपडेटच सदोष असेल तर काय वेगळं करायचं?

---

डब्लिनकर | सोमवार, रात्री ९.४०

चांगला प्रश्न. दोन प्रकार आहेत आणि त्यांचे उपाय निराळे.

एक, अपडेट मशीन उठू देत नाही, पण डेटाला हात लावत नाही. जुलै २०२० च्या शेवटी ग्रबमधली "बूटहोल" ही सुरक्षा त्रुटी बुजवणारं अपडेट आलं आणि रेड हॅट, सेंटओएसची कित्येक मशीनं बूटच होईनात. तिथे बॅकअपचा संबंधच नव्हता. रेस्क्यू मोडमध्ये जाऊन शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा बूटलोडर) आणि ग्रब मागच्या आवृत्तीवर आणायचे, बस. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या अपडेटने ड्युअल बूटवाल्यांना "एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड" दाखवलं, तेही तसंच. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून एमओके-यूटिलने एसबॅटचं (जुने, असुरक्षित बूटलोडर नाकारण्याचं) धोरण पुसायचं. अशा वेळी अख्खी सिस्टिम रीस्टोअर करणारे विनाकारण घाम गाळतात. एसबॅटची नोंद तर मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये असते, डिस्क कितीही मागे न्या.

दुसरा प्रकार वाईट. अपडेट चालू राहतं आणि फाइली गुपचूप बिघडवतं. डिसेंबर २०२३ मध्ये देबियन १२.३ ऐन वेळी थांबवलं होतं, कारण ६.१.६४ कर्नलमध्ये एक्सट४ वरचा डेटा भ्रष्ट होण्याचा दोष सापडला. लगेच १० डिसेंबरला १२.४ आलं, ६.१.६६ सकट. अशा वेळी कर्नल मागे नेल्याने बिघडलेली फाइल सुधारत नाही. आणि बॅकअप एकच असून रोज त्याच्यावरच नवा लिहीत असाल तर बिघडलेली फाइल चांगल्या फाइलीच्या जागी जाऊन बसते. यासाठी जुन्या तारखा हव्यात. बॉर्ग किंवा रेस्टिक हे बॅकअपचे प्रोग्रॅम वापरले तर सारखे तुकडे एकदाच साठवतात, त्यामुळे महिनाभराच्या तारखा ठेवल्या तरी डिस्क भरत नाही.

---

वाचनालयवाली | मंगळवार, सकाळी ११.२५

मंडळी, काउंटर सुरू झालं!

रीस्टोअरच्या आधी टाइमशिफ्ट काय काय बदलणार त्याची यादी दाखवतं. त्यात खाली गेले तर "डिलीट"च्या खाली /व्हार/स्पूल/कोहा आणि आजचा डम्प नावानिशी. काका, तो पडदा बघून पोटात गोळा आला.

रीस्टोअर झालं, पण पहिल्याच बूटला दीड मिनिट थांबून इमर्जन्सी मोड. मी टाइमशिफ्टची डिस्क काढून ठेवली होती आणि ती एफएसटॅबमध्ये होती. तिच्या ओळीत "नोफेल" (डिस्क नसली तरी पुढे जा) घातलं, मग आलं.

मारियाडीबी थांबवला, त्याचं फोल्डर बाजूला सरकवलं, कालचं टारमधून जागेवर ठेवलं. सुरू केला. लॉगमध्ये क्रॅश रिकव्हरीच्या ओळी आल्या आणि उठला. हिस्टरी लॉगमध्ये लिबसी आणि कर्नल होते. कोहा होल्डवर (अपडेट अडवून ठेवलेला) असल्याने यादीत नव्हता, त्यामुळे डेटाबेसचा आणि प्रोग्रॅमचा मेळ बसला.

कालच्या वहीतली पहिली नोंद लाईट गेल्यानंतरची. तिच्या आधी दिलेली शेवटची पुस्तकं काउंटरवरच्या मुलाला आठवत होती. सिस्टिममध्ये बघितली, आहेत.

एकच भानगड उरलीय. गेल्या आठवड्यात दाखल केलेली पुस्तकं दाखल क्रमांकाने देवघेवीत येतात, पण शोधली तर सापडत नाहीत.

---

टर्मिनलकाका | मंगळवार, सकाळी ११.४०

झेब्राचा (कोहातला शोध चालवणारा प्रोग्रॅम) इंडेक्स. तोही /व्हार/लिबमध्ये असतो, स्नॅपशॉटबरोबर आठवडाभर मागे गेला. डेटाबेस कालचा, सूची गेल्या सोमवारची. कोहा-रीबिल्ड-झेब्रा, "एफ" म्हणजे पूर्ण पुनर्बांधणी, आणि पुढे तुमच्या इन्स्टन्सचं नाव. चालू असताना शोध अर्धवट दिसेल, दुपारच्या सुट्टीत करा. मग मेमकॅश्ड आणि प्लॅक या कोहाच्या सेवा रीस्टार्ट.

अर्धवट राहिलेलं अपडेट आता पुन्हा करावं लागेल. पण यूपीएसची बॅटरी बदलेपर्यंत नको. आणि डम्पची एक प्रत रोज दुसऱ्या मशीनवर गेली पाहिजे. कोहा दोनच दिवसांचे ठेवतो, त्यामुळे एखादी चूक तिसऱ्या दिवशी लक्षात आली तर हातात काही नाही.

---

वाचनालयवाली | मंगळवार, दुपारी ३.०५

शोध चालू झाला. वहीतल्या नोंदी भरायचं काम सुरू आहे, उद्यापर्यंत होईल. यूपीएसच्या बॅटरीची मागणी कार्यालयात दिली. डम्प आता प्रयोगशाळेतल्या मशीनवर रोज जाईल अशी सोय तिथल्या सरांनी करून दिली. सर्वांचे मनापासून आभार.

कोकणकडा, पुढच्या सुट्टीत तुमच्या पद्धतीने एका जुन्या मशीनवर नवं देबियन टाकून हाच डम्प कोहा-रीस्टोअरने उतरवून बघणार आहे. अडले तर इथेच येईन.

---

कोकणकडा | मंगळवार, दुपारी ३.३०

जरूर. कोहाची आवृत्ती तीच ठेवा, किंवा नवी ठेवलीत तर उतरवल्यावर कोहा-अपग्रेड-स्कीमा (डेटाबेसची रचना नव्या आवृत्तीशी जुळवणारा आदेश) चालवा.

---

वाटसरू | मंगळवार, रात्री ८.१५

टाइमशिफ्टचे स्नॅपशॉट ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर ठेवता येतील का? दुसरी डिस्क नाही माझ्याकडे.

---

शून्य_एक | मंगळवार, रात्री ८.३०

आरसिंक मोडमध्ये येतील, पण तो आधी एक्सट४ करा. दुकानातून येतो तसा फॅट किंवा एक्सफॅट असेल तर टाइमशिफ्ट तो घेणारच नाही, कारण त्याला हार्डलिंक (एकाच फाइलीला अनेक नावं) लागतात. होम मात्र यात येत नाही हं, फोटो-बिटो वेगळे ठेवा.